एक्केचाळीसचा पट

शेलगव्हाणच्या वैजनाथ सरांची हजेरी म्हणजे कंधार तालुक्यात चार माणसांत बोलायची गोष्ट होती. गावाबाहेरच्या माळावर संस्थेची शाळा, शाळेवर अकरावी-बारावी सायन्स, आणि सर तिथले प्राचार्य. आता प्राचार्य माणूस कशाला हजेरी घेत बसंल? पण हे रोज सकाळी अकरावीच्या वर्गावर जातीनं जायचे आणि पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं पूर्ण पुकारायचे. पोरानं उभं राहायचं, हात सरळ ठेवायचे आणि ‘हजर, सर’ म्हणायचं. बाकावर रेलून ‘यस सर’ म्हणणाऱ्याला पुन्हा बसवून पुन्हा उठवायचे. अठ्ठावीस वर्षांत नसलेल्या पोराची हजेरी त्यांनी एकदाही लावली नव्हती. त्यांची स्वतःची लेक याच शाळेत होती, तेव्हा ती तापानं फणफणली तर तिचे चार दिवस त्यांनी आपल्या हातानं गैरहजर मांडले. बायको आठवडाभर बोलली नाही, ती गोष्ट वेगळी.

सरांची मतं कडक, आणि ती मनात ठेवायची सवय नव्हती. शाळा म्हणजे पोरांचे लाड करायची जागा नव्हे, असं ते म्हणायचे. वेळेवर यायचं, थोरामोठ्यांना नमस्कार करायचा, पाव्हण्याला पुढं बसवायचं, आपण मागं बसायचं, हे आधी. पुस्तक त्याच्या मागून. ज्याच्यात दम आहे तो वर जाईल, ज्याच्यात नाही त्यानं इमानदारीनं शेती करावी, दुकान टाकावं, त्यात कमीपणा कसला? सगळेच डॉक्टर झाले तर ज्वारी पेरायला कोण, असं ते दर पंधरा ऑगस्टला न चुकता विचारायचे. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा नियम निघाला, तेव्हा त्यांनी आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय काढला नव्हता.

आणि एक मत तर त्यांनी नांदेडला मुख्याध्यापकांच्या सभेत माईक धरून सांगितलं होतं. म्हणाले, सरकारनं शाळांना किती दिवस कडेवर घेऊन फिरायचं? शाळा-शाळांत चढाओढ लागू द्या. बापाच्या हातात निवड द्या. बाप आपल्या डोळ्यांनी बघंल आणि जिथं शिकवतात तिथं पोरगं घालील. बाकीच्या शाळांना कुलूप लागलं तर लागू द्या. सरकारचा पगार घेत असताना असं बोलायला छाती लागते, ती सरांकडं होती. टाळ्या लई पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं नव्हतं की कुलूप आपल्याकडं येईल. सरांना तर नाहीच नाही.

कुलूप आलं ते पत्रातून. अकरावीचा पट गेल्या साली एकतीसवर आला होता. यंदा तो चाळीसच्या खाली राहिला तर तुकडी बंद, आणि असतील ती पोरं कंधारच्या कॉलेजात जोडली जातील, असं पत्रात लिहिलं होतं. सरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि प्रवेशाचे कागद मोजले. एकोणीस होते. आठ पोरं, अकरा पोरी.

एकोणीसच का, हे गावात कुणालाही विचारा. ज्याला झेपतं तो दहावीचा निकाल लागला की पोराला लातूरला धाडतो. लातूर म्हणजे क्लासेस, क्लासेस म्हणजे नीटची परीक्षा, नीट म्हणजे डॉक्टर. मागं राहतात ती ज्यांना झेपत नाही ती, आणि ज्यांचे बाप पोरींना गावाबाहेर धाडत नाहीत त्या. कंधारच्या बसचं गणित तर आणखी वाईट होतं. सकाळची बस मिळते, पण संध्याकाळची फाट्यावर सोडून पुढं जाते, तिथून दोन किलोमीटर पायी. तुकडी कंधारला गेली म्हणजे अकरापैकी एकही पोरगी जाणार नाही, हे लिहून घ्या.

रामकिशनची करिश्मा तर नाहीच. रामकिशनचं पाच एकर रान, सोयाबीन आणि तूर, खाऊन-पिऊन बरं. बोलायला साधा, पण एकदा नाही म्हणला की झालं. पोरगी दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन आली तेव्हा अर्धं गाव त्याला लातूरचं सांगायला आलं होतं. त्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

“सरच्या शाळेत हाय तवर शिकंल. बाहीर न्हाई धाडणार. कोन्या भरवशावर धाडू? इथं सर हायत.”

सरांनी हे ऐकलं होतं. ऐकून छाती थोडी फुगलीही होती, खोटं कशाला बोला.

म्हणून पत्र आलं त्या दिवशी सरांच्या डोळ्यांपुढं तुकडी आली नाही, करिश्मा आली. चांगल्या डोक्याची पोर घरी बसंल, दोन सालात धर्माबाद नाहीतर उदगीरकडचं स्थळ येईल, आणि विषय खलास. महिनाभर सर फटफटीवर आजूबाजूची सात गावं हिंडले. जिथं जावं तिथं चहा मिळाला, मान मिळाला, पोरगं मिळालं नाही. एका ठिकाणी तर बापानं सरळ विचारलं, “सर, तुमच्या शाळेतून किती जण डॉक्टर झाले?” सरांनी सांगितलं, तीन. तो म्हणला, “लातूरला तेवढे एका घरातून होतात.” हे खोटं होतं. सरांनी चहा संपवला आणि फटफटीला किक मारली.

अमरनाथ आला तो जुलैच्या सुरुवातीला. हा सरांचाच जुना विद्यार्थी, आता लातूरला अकॅडमी चालवतो, पांढरी गाडी, शर्ट इस्तरीचा. आल्या-आल्या सरांच्या पाया पडला आणि सांगेपर्यंत खुर्चीत बसला नाही. सरांना बरं वाटलं. आपण लावलेली शिस्त अजून जागेवर आहे, असं त्यांना वाटलं.

“सर, आमच्याकडं बावीस पोरं हायत,” अमरनाथ म्हणाला. “पोरं दिवसभर आमच्याकडंच शिकतात. पण बोर्डाला कॉलेज लागतं ना. नाव कुठंतरी पाहिजे. फार्म आम्हीच भरतो, पहिली पसंती तुमची शाळा टाकतो. बावीसच्या बावीस तुमच्या पटावर येतील.”

“आणि येणार कधी?”

“प्रॅक्टिकलच्या परीक्षेला येतील. बोर्डाला येतील.”

“रोज?”

अमरनाथ हसला नाही, तेवढं त्याचं भान होतं. “सर, रोज कसं येतील? लातूर कुठं, शेलगव्हाण कुठं. हजेरी तेवढी तुम्ही सांभाळायची. सगळीकडं असंच चालू हाय.”

सरांनी त्याला चहा पाजला आणि हाकलला. हाकलला म्हणजे शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, तुला मी शिकवलं ते हेच का, आणि कपाट उघडून फायली लावायला लागले. अमरनाथ पुन्हा पाया पडला, जाताना एवढंच बोलला, “सर, बापांनीच निवड केली हाय. मी कुणाला बोलवायला गेलो न्हाई.”

हे ऐकून बाहेर बसलेल्या राजकन्या मॅडम आत आल्या. या उदगीरच्या, इथं बायोलॉजी शिकवायच्या, स्वभाव सडेतोड. तुकडी गेली तर त्यांचीही बदली कुठं होईल ते सांगता येत नव्हतं. पण त्यांनी स्वतःचं नाव काढलं नाही.

“सर, एक विचारू? ती बावीस पोरं अशीही इथं येणार नाहीत, तशीही येणार नाहीत. त्यांच्या नावानं आपल्या अकरा पोरींचा वर्ग राहत असंल तर नुकसान कुणाचं?”

“खोटं लिहायचं का?”

“खोटंच आहे. मी कुठं खरं म्हणते?” मॅडम म्हणाल्या. “पण करिश्माला घरी बसवताना तुम्ही तिला काय सांगणार, ते तेवढं ठरवून ठेवा.”

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. सरांनी तीन दिवस दगड आणि वीट दोन्ही हातात तोलून बघितले. चौथ्या दिवशी अमरनाथला फोन लावला. फोनवर ते दोन वाक्यांच्या वर बोलले नाहीत, आणि त्या दिवशी जेवलेही नाहीत धड.

पट एक्केचाळीस झाला. आता दुसरा कुणी असता तर ऑफिसात दार लावून रजिस्टर भरलं असतं आणि मोकळा झाला असता. सरांना ते जमेना. रजिस्टर वर्गातच भरायचं, नाव पुकारूनच भरायचं, हा त्यांचा दस्तूर. पहिल्या दिवशी ते वर्गात गेले आणि एक्केचाळीस नावं पुकारायला लागले. पहिलं नाव लातूरच्या पोराचं निघालं. सरांनी बापाच्या नावासकट पुकारलं. वर्ग गप्प राहिला. सरांचा पेन कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. एकोणीस पोरं त्यांच्या पेनाकडं बघून राहिली.

तेवढ्यात करिश्मा उठली, हात सरळ ठेवून म्हणाली, “हजर, सर.”

सर म्हणाले, “तुझं नाव घेतलं नाही मी.”

“हाव सर.”

“मग?”

“कुणीतरी हजर म्हनलं पाहिजे ना सर. न्हाईतर वर्ग बंद पडंल.”

गावात काय लपतं? पोरांना सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या नावाला एक पोरगा उठला, तिसऱ्याला आणखी एक पोरगी. एकानंही दात काढले नाहीत, चेष्टा केली नाही. जशी शिकवली होती तशी, ताठ उभं राहून, खणखणीत आवाजात, एकोणीस पोरांनी बावीस खोट्या हजेऱ्या दिल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना त्या पोरांचा राग आला नाही, स्वतःची शरम वाटली, आणि ती शरम त्यांनी कुणाला सांगितलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरी ऑफिसात भरायला लागली. पोरांनी का म्हणून विचारलं नाही.

सप्टेंबरात निरोप आला, नांदेडहून पटपडताळणीला साहेब येणार, एक्केचाळीस डोकी समोर बसलेली दिसली पाहिजेत. अमरनाथला कळवलं. तो म्हणाला, काळजी करू नका, अशा कामाची मला सवय आहे. त्यानं शेलगव्हाणच्या शाळेचा रंग विचारून बावीस ड्रेस शिवून घेतले आणि ठरल्या दिवशी सकाळी नऊला बस माळावर उभी केली. बावीस पोरं उतरली, चौदा मुलं आणि आठ मुली, सोबत देखरेखीला एक बाई. ड्रेस सगळे कोरे करकरीत, घड्यांच्या रेघा जशाच्या तशा. राजकन्या मॅडमनी बघितलं आणि डोक्याला हात लावला. मग सगळ्यांना सांगितलं, मातीत बसा थोडा वेळ, एकमेकांच्या अंगावर धूळ टाका. लातूरच्या पोरांना ते लई आवडलं.

आता खरी चूक इथं झाली, आणि ती कुणी मुद्दाम केली नाही. वर्गात बाक चौदा. लातूरची पोरं दारातून आत आली, तशी गावची एकोणीस पोरं आपोआप उठली आणि मागं सरकली. पाव्हण्याला पुढं बसवायचं, आपण मागं बसायचं. त्यांना दुसरं ठाऊकच नव्हतं. कुणी सांगावं लागलं नाही, ढकलावं लागलं नाही. सरांनी बघितलं, त्यांना पोरांचा अभिमानच वाटला. पुढचे सात-आठ बाक लातूरनं भरले, मागचे गावानं. आणि आपण कुणाला कुठं बसवून राहिलोय, हे सरांच्या ध्यानात आलं नाही.

साहेब साडेअकराला आले. पडताळणीच्या कागदावर पालकांच्या प्रतिनिधीची सही लागते, म्हणून रामकिशनला बोलावलं होतं. तो व्हरांड्यात, खिडकीशी उभा राहिला. ही पुढची पोरं गावची नाहीत, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं. गावचं पोर बाप ओळखणार नाही तर कोण? सर त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “रामकिशन, सही कर. वर्ग राहतो मग.” तो म्हणाला, “तुम्ही म्हनता ना सर? मग झालं.” आणि सही केली. वाचलंही नाही.

साहेबांनी डोकी मोजली. एक्केचाळीस भरली. त्यांचं काम खरं तर तिथं संपलं होतं, पण भला माणूस, शिकवण्याची आवड असलेला. म्हणाले, बघू तरी पोरं काय शिकली. पुढच्या बाकाला विचारलं, हृदयात रक्त कुठून येतं, कुठं जातं? पुढचा पोरगा उठला आणि नळ सोडावा तसं बोलला. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. आठही मुली बोलल्या. एक तनुजा म्हणून होती, धर्माबादकडच्या शेतकऱ्याची लेक, तिनं तर फळ्यावर जाऊन आकृती काढली. साहेब खूष. सरांच्या हातात हात देऊन म्हणाले, “सर, खेड्यात असा वर्ग मी पाहिला नाही.”

मग त्यांनी मान वर करून मागं बघितलं आणि विचारलं, “किडनीचं काम कोण सांगेल?”

मागच्या बाकावर हात वर गेला. करिश्माचा. सरळ, खांद्यातून उचललेला, जसा सरांनी शिकवला तसा. साहेबांची नजर अजून तिच्यापर्यंत पोचली नव्हती. सरांची पोचली होती. आणि त्याच क्षणी त्यांना पुढचा धोका दिसला. साहेब मागं गेले, पोरांत मिसळले, गाव कोणतं बाळा, बाप काय करतो, हा शेजारचा कोण, असं विचारायला लागले म्हणजे? मागचे पुढच्यांची नावंही सांगू शकणार नाहीत. एका प्रश्नात सगळं उघडं पडंल.

“साहेब,” सर म्हणाले, “चहा निवून राहिला. आत बसू.”

साहेब वळले. ऑफिसात चहा झाला, कागदावर शिक्का बसला, गाडी गेली. तुकडी वाचली. सरांनी खुर्चीत अंग टाकलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

लातूरच्या पोरांना जेवायला घातलं. गावच्या पोरींनी वाढलं, पिठलं-भाकरी, ठेचा, वरून ताक. तनुजा करिश्माजवळ बसून जेवली. किती तास अभ्यास करता, पेपर कसे असतात, घरची आठवण येते का, असं दोघींचं बोलणं चाललं होतं. बस निघाली तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. रामकिशन बस वळणावर दिसेनाशी होईस्तोवर तिथंच उभा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो करिश्माला घेऊन ऑफिसात आला. बसला नाही.

“सर, पोरीला लातूरला धाडावं म्हनतो.”

सरांना आधी वाटलं, चेष्टा करून राहिला. मग त्याचं तोंड बघितलं.

“तू तर बाहेर धाडणार नव्हतास.”

“नव्हतो. पर त्या बसमधी पोरी बी होत्या की सर. आठ. संगं बाई होती. शेतकऱ्याच्याच लेकी.” रामकिशननं टोपी काढून हातात घेतली. “सर, मी अडाणी मानूस. लातूर मी कधी बघितलं न्हवतं, म्हनून भ्या वाटायचं. तुम्ही ते हितंच आनून दाखवलं. त्या खिडकीतून दोन्ही बाजू बघितल्या मी. पुढची पोरं कशी बोलली, आन् मागची कशी गप होती. आता बघून बी न बघितल्यावानी कसं करू? तुम्हीच म्हनता ना, बापानं बघून निवडावं.”

सरांना बोलायचं होतं. त्यांना म्हणायचं होतं, अरे, ती पुढं बसली ती पाव्हणी म्हणून, आणि तुझी मागं बसली ती तिला वळण आहे म्हणून. त्यांना म्हणायचं होतं, हा सगळा खटाटोप मी तुझ्याच पोरीसाठी केला. पण आपण समोरच्याचं दुकान आपल्या हातानं आपल्या वर्गात मांडलं, पुढच्या बाकावर मांडलं, आणि गिऱ्हाइकाला खिडकीत उभं केलं, हे त्यांना त्या मिनिटाला कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा तरी बरा, यांनी भांडंच देऊन टाकलं होतं. ते करिश्माकडं वळले.

“तुला जायचंय का?”

ती खाली बघून म्हणाली, “हाव सर.”

“इथं शिकवत नाही का आम्ही?”

“शिकवता सर. किडनीचं मला येत होतं. राजकन्या मॅडमनी दोनदा घेतलं होतं.”  मग मान वर केली. “माझा हात वर होता.”

“मी बघितला होता,” सर म्हणाले.

“मला ठाऊक हाय. तुम्ही बघितलं अन् मग चहाचं म्हनलं.”

त्यात तक्रार नव्हती, उलटं बोलणं नव्हतं. असतं तर सरांनी रागावून वेळ मारून नेली असती. पोर नुसतं घडलं तसं सांगत होती. अठ्ठावीस वर्षांत सरांना विद्यार्थ्यापुढं खाली बघावं लागलं नव्हतं, ते त्या दिवशी बघावं लागलं. आपण वर्ग वाचवला आणि जिच्यासाठी वाचवला तिचा हात खाली पाडला, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं.

रामकिशनला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, “अमरनाथदादाला फोन केला होता. तो म्हनला, पोरगी आना. माझी बहीन लातूरला हाय, तिच्याकडं ऱ्हाईल. दादा म्हनला, नाव मात्र सरकडंच ऱ्हाऊ द्या, काढू नका. तवा सर, नाव हितंच ठिवा. हजेरी तेवढी तुम्ही लावा.”

 नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं? परक्या बावीस जणांची लावायची आणि गावच्या पोरीची नाही लावायची, हा कुठला न्याय? आणि पोरगी जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं का? तसंही नव्हतं. तिथं ती खरंच पुढं जाईल, हे त्यांना दिसत होतं. तेच तर जास्त लागत होतं.

“अर्ज लिहून आण,” ते शेवटी म्हणाले. “प्रॅक्टिकलच्या तारखा मी कळवीन.”

रामकिशननं त्यांचे पाय धरले, पोरीलाही पाया पडायला लावलं. “सर, तुमच्यामुळं पोरीचं भलं झालं,” तो म्हणाला, आणि डोळे पुसले. अगदी मनापासून म्हणाला. सरांनी करिश्माच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठी हो, असं काहीतरी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन पोरींचे बाप ऑफिसाबाहेर बाकावर बसले होते. तिघांचंही म्हणणं एकच होतं. सरांनी एकेकाला आत बोलावलं.

दिवाळीपर्यंत आठ पोरी आणि बापांनी कर्ज काढलेली दोन पोरं लातूरला गेली, अकरावीच्या वर्गात बसायला नऊ जण उरले. सहा पोरं आणि तीन पोरी, ज्यांच्या बापांना लातूर झेपणार नव्हतं ती. बाक रिकामे पडले, तरी ती नऊजणं मागंच बसायची. सर म्हणायचे, पुढं या. ती एकमेकांकडं बघायची आणि हळूहळू पुढं यायची. पट एक्केचाळीसच राहिला. तुकडी चालू आहे.